कुठे राजा भोज आणि कुठे गंगू तेली

एखाद्या होतकरू गवयाने बैठकीत दोन ताना बऱ्या घेतल्या, आणि कोणी भाबडा चाहता त्याचे नाव थेट अब्दुल करीम खाँसाहेबांच्या नावाशेजारी नेऊन बसवू लागला, की जवळचा जाणता श्रोता हलकेच म्हणतो, "अहो, कुठे राजा भोज आणि कुठे गंगू तेली!" एवढ्याने काम भागते. वाद घालावा लागत नाही, पुरावे द्यावे लागत नाहीत. मात्र हेच वाक्य तो गवई स्वतः, कानाच्या पाळीला हात लावून उच्चारतो तेव्हा त्याची जात पालटते. दुसऱ्याच्या तोंडी जो उपहास, तोच स्वतःच्या तोंडी विनय ठरतो. म्हणीचा उपयोग कसा करावा हे म्हणून कोशात पाहून कळत नाही. बोलणारा कोण आणि गंगू तेली कोणाला म्हटले जात आहे, हे पाहावे लागते.

इंग्रज माणूस दोन वस्तूंमधील अंतर दाखवावयाचे झाले की खडू आणि चीज यांची जोडी पुढे करतो. ही जोडी त्या भाषेत फार जुनी. चीज म्हणून खडू गळ्यात मारणारे लबाड चौदाव्या शतकातील गॉवर या कवीच्या काव्यातही भेटतात. परंतु त्या जोडीत खडू खालचा आणि चीज वरचे असे काही ठरलेले नाही. दोन वस्तू वेगळ्या आहेत, एवढेच तीत आहे. आमच्या म्हणीचे तसे नाही. तिच्यात अंतर आहे ते आडवे नव्हे, उभे. एक टोक सिंहासनावर आणि दुसरे घाण्यापाशी. 'कुठे इंद्राचा ऐरावत आणि कुठे शामभटाची तट्टाणी' हीसुद्धा त्याच घडणीची. आणि ही घडण अर्वाचीन आहे असेही नाही. संस्कृतात 'क्व' या अव्ययाची दोनदा योजना करून दोन गोष्टींतील अफाट अंतर दाखवण्याची रीत प्रसिद्धच आहे. उज्जयिनीवर जीव जडलेल्या कालिदासाने रघुवंशाच्या आरंभी सूर्यवंशाचा महिमा आणि आपली तोकडी बुद्धी यांना असेच समोरासमोर उभे केले आहे. त्या ठिकाणी गंगू तेली होण्याची पाळी कवीने आपणहून घेतली, हे ध्यानात ठेवावे.

तर हा भोज कोण, हा तेली कोण, आणि या दोघांना एका वाक्यात कोणी आणून बसवले? म्हण आमच्याकडे मराठीत रुळलेली असली तरी तिचे माहेर माळवा. अठराव्या शतकात शिंदे उज्जैनला, होळकर इंदूरला आणि पवार धार-देवासला स्थिरावले तेव्हापासून त्या प्रदेशात मराठी व माळवी या दोन भाषा भिंतीला भिंत लावून राहिल्या. महाकालाच्या मंदिराचा जीर्णोद्धार राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखठणकर यांनी केला. धारचे पवार तर स्वतःला भोजाच्याच परमार कुळाचे वंशज मानीत आले. अशा शेजारात म्हणीही एका घरून दुसऱ्या घरी विरजणासारख्या जातात.

भोजाचे नाव आज धारेशी जोडलेले आहे, आणि ते बरोबरही आहे. पण त्याच्या घराण्याची कथा सुरू होते ती उज्जैनपासून. भोजाचा चुलता वाक्पतिराज मुंज याचे इ. स. ९७४ चे दानपत्र उज्जयिनीच्या मुक्कामातून दिलेले आहे. पुढे खुद्द उज्जैनलाच भोजाचा एक ताम्रपट सापडला, तो इ. स. १०२१ चा. त्यात मात्र राजा धारेत असल्याचे लिहिले आहे. या दोन पत्र्यांच्या मध्ये पन्नासेक वर्षांचे अंतर आहे, आणि तेवढ्या अवधीत राजधानी क्षिप्रेचा काठ सोडून नैऋत्येला सरकली. त्या अवधीत जे घडले ते परमारांच्या घरातील सर्वांत मोठे दुःख होय. आणि म्हणीचा विद्वानांनी लावलेला अर्थ त्या दुःखापाशीच येऊन पोचतो.

मुंज हा पराक्रमी आणि रसिक राजा. दक्षिणेत राष्ट्रकूटांना बाजूस सारून चालुक्य तैलप दुसरा याने इ. स. ९७३ मध्ये आपले राज्य उभे केले होते. माळवा आणि दख्खन यांच्यामध्ये गोदावरी. मेरुतुंगाने इ. स. १३०५ च्या सुमारास पुरा केलेल्या प्रबंधचिंतामणीत असे सांगितले आहे, की प्रधान रुद्रादित्याने परोपरीने विनवूनही मुंज गोदावरी ओलांडून पलीकडे गेला, आणि तैलपाच्या हाती सापडला. बंदिवासात तैलपाची विधवा बहीण मृणालवती हिच्याशी त्याची प्रीती जडली. पळून जाण्याचा बेत त्याने तिला विश्वासाने सांगितला, आणि तिनेच तो फोडला. मग त्या राजाला दारोदार भिक्षा मागावयास लावून शेवटी ठार मारण्यात आले. यातील मृणालवती कितपत खरी आणि कितपत कथेकऱ्याची, हे ज्याचे त्याने ठरवावे. परंतु मुंजाचा घात तैलपाच्या हातून झाला, ही गोष्ट चालुक्यांच्या लेखांनीही नोंदलेली आहे. काळाचा हिशेब केला तर ती इ. स. ९९४ ते ९९७ या दरम्यान पडते. आपल्या दृष्टीने आणखी एक पुरावा महत्त्वाचा आहे. संगमनेरला मिळालेल्या शके ९२२ च्या, म्हणजे इ. स. १००० च्या ताम्रपटात सेऊणदेशाच्या यादव भिल्लमाची स्तुती आहे. मुंजाची राजलक्ष्मी खेचून आणून ती आपल्या धन्याच्या घरी नांदती केल्याचे श्रेय त्यात त्याला दिले आहे. म्हणजे उज्जयिनीचा तो दिवा विझवण्यात नाशिक-संगमनेर भागाचाही हात होता.

अशा घरात भोज वाढला. चुलत्याचे मस्तक शत्रूने घेतलेले, बाप सिंधुराज अल्पकाळ राज्य करून गेलेला. इ. स. १०१० च्या सुमारास तो गादीवर बसला आणि १०५५ पर्यंत राहिला. वास्तुशास्त्रावर समरांगणसूत्रधार, साहित्यशास्त्रावर शृंगारप्रकाश आणि सरस्वतीकंठाभरण, योगसूत्रांवर राजमार्तंड, ज्योतिषावर राजमृगांक असे ग्रंथ त्याच्या नावावर आहेत. सगळे त्याने स्वहस्ते लिहिले नसतील. पण ज्याच्या नावावर एवढे खपावे असा राजा हिंदुस्थानात दुसरा दाखवता येणार नाही. भोपाळजवळ भोजपूरला त्याच्या नावाने ओळखले जाणारे शिवालय आजही अर्धवट उभे आहे. आतले लिंग भव्य, पण मंदिर पुरे झालेच नाही; आसपासच्या खडकांवर त्याच्या आराखड्याच्या रेषा कोरलेल्या दिसतात. भोजाच्या एकंदर कर्तृत्वाचे ते चित्रच आहे असे मला नेहमी वाटत आले आहे.

आता विद्वानांचा अर्थ. ते म्हणतात, म्हणीतला गंगू हा कोणी सामान्य माणूस नव्हे. तो त्रिपुरीचा कलचुरी राजा गांगेयदेव. आणि तेली म्हणजे घाणेवाला नव्हे. तो तैलप, किंवा तेलंग, म्हणजे दक्षिणेचा चालुक्य. भोजाने या दोघांना हरवले, आणि माळव्यातील लोक अभिमानाने म्हणू लागले, कुठे आमचा राजा भोज, आणि कुठे तो गांगेय न् कुठे तो तैलप! पुढे शतके लोटली, राजे विसरले गेले, आणि लोकांच्या जिभेवर दोन राजांचा मिळून एक तेली झाला.

हा अर्थ ऐकताना मन प्रसन्न होते, यात शंका नाही. त्याला आधारही अगदीच नाही असे नाही. नाशिक जिल्ह्यातील कळवण येथे भोजाचा मांडलिक यशोवर्मा याचा ताम्रपट मिळाला आहे. त्यात भोजाने जिंकलेल्यांत कर्णाट आणि चेदी, म्हणजे चालुक्य आणि कलचुरी, दोघांचीही नावे आहेत. इंदूरजवळच्या बेटम्याच्या आणि बांसवाड्याच्या इ. स. १०२० च्या ताम्रपटांत त्याच्या कोकणविजयाचे स्मरण आहे. धारचे शिक्षणाधिकारी काशिनाथ कृष्ण लेले यांना १९०३ मध्ये धारेत जी कोरीव शिळा सापडली तिच्यावर मदन कवीची पारिजातमंजरी ही नाटिका आहे. भोजानंतर दीडशेहून अधिक वर्षांनी लिहिलेल्या त्या नाटिकेतही भोजाने केलेला गांगेयाचा पराभव एखाद्या उत्सवासारखा आठवलेला आहे. लेले हे मराठी माणूस. परमारांच्या इतिहासाचा पहिला पक्का पाया घालण्याचे बरेचसे श्रेय त्यांचे आहे. तेव्हा तेराव्या शतकापर्यंत गांगेयाचे नाव धारेत घरोघर नसले तरी दरबारी खचित माहीत होते, इतके मानावयास हरकत नाही.

पण एवढ्यावरून म्हण त्या राजांवरच बेतली असे म्हणता येईल काय? मला ते कठीण वाटते. पहिली अडचण सनावळीची. तैलप इ. स. ९९७ मध्ये वारला. भोज गादीवर आला तो त्यानंतर दहा-बारा वर्षांनी. ज्याच्याशी भोज लढला तो तैलपाचा नातू जयसिंह. बरे, तैलप नको, तेलंग घ्या म्हटले, तर परमारांचे लेख या घराण्याला कर्णाट म्हणतात. तेलंग हा शब्द त्यांच्या तोंडी येत नाही. दुसरी अडचण गांगेयाची. कुलेनूर येथील इ. स. १०२८ च्या शिलालेखावरून दिसते, की जयसिंहावर चाल करून गेलेल्या संघात भोज आणि गांगेय हे दोघे एकाच बाजूला होते, आणि त्यांच्या जोडीला राजेंद्र चोळ होता. म्हणजे ज्या दोघांना म्हण एका खांबाला बांधते म्हणून सांगतात, त्यांपैकी एक जण काही काळ भोजाचा मित्र होता आणि दुसऱ्याशी लढत होता. भोज आणि गांगेय पुढे वैरी झाले हे खरे. पण राजकारणातील मैत्री तुटली म्हणून सनावळी वाकवता येत नाही. आणि गांगेय हा काही हसण्यावारी नेण्यासारखा राजा नव्हता. प्रयागेपर्यंत त्याचा अंमल होता. बसलेल्या लक्ष्मीची त्याची म्हणून ओळखली जाणारी सोन्याची नाणी इतकी नावाजली, की पुढच्या कित्येक राजांनी, अगदी महंमद घोरीनेसुद्धा, त्याच घाटाची नाणी पाडली.

पुढचा इतिहास तर त्या अभिमानाला अधिकच अडचणीचा आहे. जयसिंहाचा पुत्र सोमेश्वर याने इ. स. १०४२ नंतर माळव्यावर चाल करून धारा लुटली. बिल्हणाने विक्रमांकदेवचरितात या विजयाचे वर्णन केले आहे. बिल्हण हा त्या घराण्याचा आश्रित, हे लक्षात घेऊन ते वाचावे. पण त्या घटनेची साक्ष चालुक्यांचे शिलालेखही देतात. नंतर गांगेयाचा पुत्र कर्ण आणि गुजरातचा भीम यांनी दोन्ही अंगांनी माळवा दाबला, आणि त्याच धामधुमीत भोजाचा अंत झाला. म्हणजे गंगूचा पोरगा आणि तेल्याचा पणतू, दोघेही धारेत पोचले. आणि याहून विलक्षण गोष्ट पुढे आहे. भोजानंतर माळव्याच्या गादीचे काही खरे उरले नाही, तेव्हा तिच्यावर परमार राजाला पुन्हा बसवण्यास मदत केली ती सोमेश्वराचा पुत्र विक्रमादित्य याने. ज्या घराण्याने मुंजाला भिक्षा मागावयास लावली, त्याच घराण्यातील राजपुत्राने मुंजाच्या वारसाला गादी मिळवून दिली. म्हणीचा तो राजकीय अर्थ खरा धरला, तर माळव्याच्या लोकांनी ती १०५५ नंतर तरी मनातल्या मनात म्हणावयास हवी होती.

तेव्हा मी राजांना बाजूस ठेवतो आणि लोक काय सांगतात ते ऐकतो. धारेत लाट मशीद म्हणून इमारत आहे. दिलावरखान घोरीने ती १४०५ मध्ये बांधली. तिला हे नाव मिळाले ते तेथे पडलेल्या लोखंडी स्तंभावरून. स्तंभाचे आज तीन तुकडे आहेत. तिन्ही मिळून लांबी त्रेचाळीस फुटांच्या वर भरते, म्हणजे दिल्लीच्या सुप्रसिद्ध लोहस्तंभाहून जवळजवळ दुप्पट. गुजरातचा सुलतान बहादूरशाह तो आपल्या मुलखात नेऊ पाहत होता, आणि उपटताना तो पडून मोडला, असे जहांगीर बादशहाने आपल्या आठवणींत लिहिले आहे. हा स्तंभ भोजाच्या विजयाचा असावा असा तर्क पुष्कळांनी केला आहे. परंतु आसपासचा कोणीही त्याला भोजाचा विजयस्तंभ म्हणत आलेला नाही. लोक त्याला तेल्याची लाट म्हणतात. गोष्ट अशी सांगतात, की गांगली नावाची एक राक्षसी होती, धंद्याने तेलीण. हा स्तंभ म्हणजे तिच्या तराजूची दांडी. शेजारचे प्रचंड दगड ही तिची वजने. मांडूच्या वाटेवर नालछ्याजवळ जी टेकडी आहे तिलाही लोक तेलणीची टेकडी म्हणतात.

श्रोतेहो, ही गोष्ट पोरकट आहे खरी, पण तिच्यात एक गोम आहे. या गोष्टीत गंगू खुजी नाही. राजाचा स्तंभ तिच्या हाती तराजूची दांडी म्हणून येतो! आणि गंगू येथे स्त्री आहे. मराठी कानाला तर हे लगेच पटते; आपल्याकडे गंगू म्हटली की गंगूबाईच डोळ्यांपुढे येते. गांगेय आणि तैलप या दोन मिशाळ राजांपासून एक तेलीण कशी निघाली, याचे उत्तर विद्वानांच्या अर्थात कोठेच सापडत नाही.

मौज अशी, की हीच गंगू आपल्याला माळव्यापासून शेकडो मैल दक्षिणेस पुन्हा भेटते. कोल्हापूरच्या शिलाहारांतही एक भोज होऊन गेला. इतिहासात त्याला भोज दुसरा म्हणतात. बाराव्या शतकाच्या अखेरीस त्याची राजधानी पन्हाळ्यावर होती. तोही विद्वानांचा पोशिंदा. त्याच्याच राज्यात इ. स. १२०५ मध्ये सोमदेवाने शब्दार्णवचंद्रिका हा व्याकरणग्रंथ रचला. पुढे यादव सिंघणाने पन्हाळा घेतला आणि ते राज्य संपले. पन्हाळ्याची दंतकथा अशी, की या भोजाने चालवलेले तटाचे काम काही केल्या टिकेना. बांधावे आणि ढासळावे. नरबळी दिल्यावाचून तट उभा राहणार नाही असे ठरले, आणि तेल्याच्या घरातील गंगू त्यात गाडली गेली. गंगू हा पुरुष होता, आणि त्याने आपली बायको आणि तान्हे मूल दिले, असेही सांगतात. इतिहास म्हणून या कथेची किंमत किती, याची चर्चा नको. तटबंदी, पूल आणि तलाव यांच्या पायात कोणी गरीब गाडले गेल्याच्या अशा कथा देशभर आहेत. पण येथे म्हणीतली दोन्ही नावे आहेत. भोज आहे, गंगू आहे, आणि अंतरही आहे. फक्त त्या अंतराचा भाव उलटला आहे. येथे 'कुठे राजा भोज आणि कुठे गंगू तेली' असे म्हटले, तर ऐकणाऱ्याने कोणापुढे हात जोडावे?

माझा अंदाज विचाराल तर तो साधा आहे. भोज हे दानशूर, पंडित राजाचे नाव म्हणून शतकानुशतके गाजले. मेरुतुंगाने आणि पुढे सोळाव्या शतकात बल्लाळाने त्याच्याभोवती गोष्टींचे जाळे विणले; बल्लाळाने तर शतकांची पर्वा न करता कालिदासालाही त्याच्या दरबारी बसवले. मोठेपणाचे एक टोक असे तयार झाल्यावर दुसऱ्या टोकाला रोजच्या पाहण्यातला माणूस लागतो. तो ठोक नावाचा, अंगाला तेलकट वास येणारा, सकाळपासून बैलामागे त्याच वर्तुळात फिरणारा असला की चित्र पुरे होते. गांगेयाचे नाव त्या गंगूला जोडण्याचे काम पंडितांनी नंतर केले; एखाद्या हलक्या मानलेल्या शब्दाला राजवंश चिकटवला की तो शब्द उच्चारण्यास त्यांना संकोच वाटत नाही. लोकांनी मात्र गंगूला कधी राजा केले नाही. त्यांनी तिला राक्षसी केले, नाहीतर पन्हाळ्याच्या तटात गाडली गेलेली बाई केले.

आणि तेली इतका दूरचा, इतका खालचा, हे तरी कितपत जुने? नाशिकच्या पांडवलेण्यांत आभीर राजा ईश्वरसेन याच्या काळचा, म्हणजे तिसऱ्या शतकाचा एक लेख आहे. आजारी भिक्षूंच्या औषधोपचारासाठी ठेवलेल्या पैशाची त्यात व्यवस्था आहे. तो पैसा ठेवला कोणाकडे? कारागिरांच्या श्रेणींकडे, आणि त्यांत तिळपिषकांची, म्हणजे तेल्यांची श्रेणी आहे. आज आपण पेढीवर ठेव ठेवतो तशी त्या काळी तेल्यांच्या संघाकडे ठेवीत, आणि ते व्याज चुकते करतील हा विश्वास दगडावर कोरीत. ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर चतुर्भुज मंदिराचा इ. स. ८७६ चा शिलालेख आहे. जुन्या शून्याच्या आकड्यासाठी तो जगभर ओळखला जातो आणि गणिताच्या इतिहासात त्याचे छायाचित्र छापले जाते. पण शून्य पाहून झाल्यावर पुढचा मजकूरही वाचावा. देवळात दिवा तेवत राहावा म्हणून प्रत्येक घाण्यामागे दरमहा ठराविक माप तेल देण्याचा करार तेथील तेल्यांच्या प्रमुखांनी केला आहे, आणि त्या प्रमुखांची नावे एकामागून एक कोरलेली आहेत. राजाच्या प्रशस्तीत त्याच्या शत्रूंची नावे असतात. येथे घाणेवाल्यांची आहेत. भोजाच्या जन्माआधी शंभर वर्षांची ही गोष्ट, आणि ती माळव्याच्या वेशीवरचीच. महाराष्ट्रात तर चाकणच्या संताजी जगनाड्यांचे नाव घेतले की पुरे. ते तेली होते. तुकोबांचे अभंग उतरून ठेवणाऱ्यांत त्यांचे नाव अग्रभागी आहे. त्या वह्या नसत्या तर कित्येक पंडितांना भाष्य करण्यास काही उरले नसते.

म्हण टाकून द्यावी असे मी सुचवीत नाही. भाषेतील म्हणी सुचवून टाकता येत नाहीत, आणि सुचवून आणताही येत नाहीत. शिवाय ज्या गवयाने ती स्वतःविषयी म्हटली त्याच्या तोंडी ती शोभते. पण कचेरीत नव्या कारकुनाला, वर्गात मागच्या बाकावरील मुलाला, किंवा बैठकीत सोयरिकीची गोष्ट निघाली असता मुलीच्या बापाला जेव्हा ती ऐकवली जाते, तेव्हा ती इतिहासातील दोन राजांविषयी आहे असे समाधान करून घेणे मला अवघड वाटते. ऐकणाऱ्याला त्यातला तेलीच ऐकू येतो.

आणि भोजालासुद्धा ती ऐकावी लागलीच. कोठे? उज्जैनच्या त्याच मातीत, जिथून त्याच्या चुलत्याचे राज्य चालले. सिंहासनबत्तिशी हा ग्रंथ मराठी वाचकाला जुन्या ओळखीचा. श्रीरामपूरच्या छापखान्यात विल्यम कॅरीच्या देखरेखीखाली वैजनाथ पंडितांनी केलेले त्याचे मराठी भाषांतर १८१४ मध्ये मोडी टाइपात छापले गेले, आणि छापील मराठी गद्याच्या आरंभकाळातील पुस्तकांत त्याची गणना होते. त्या कथेत एक ब्राह्मण शेतकरी आपल्या शेतातील उंचवट्यावर माळा घालून राखण करीत असतो. माळ्यावर चढला की त्याच्या अंगी औदार्य संचारते. जाणाऱ्या येणाऱ्याला तो हाका मारून म्हणतो, या, हवी तेवढी कणसे घ्या. खाली उतरला की तोच माणूस पीक लुटले म्हणून ओरडू लागतो. भोजाला नवल वाटते. तो ते शेत विकत घेतो, उंचवटा खणवतो, आणि खालून विक्रमादित्याचे बत्तीस पुतळ्यांचे सिंहासन निघते. आज उज्जैनला हरसिद्धीजवळ रुद्रसागरात विक्रमादित्याची सिंहासनस्थ मूर्ती आणि तिच्याभोवती त्या बत्तीस पुतळ्या उभ्या केलेल्या पाहावयास मिळतात.

मुहूर्त काढून, अभिषेकाची सिद्धता करून भोज पायरीवर पाऊल ठेवतो, आणि पहिली पुतळी बोलू लागते: राजा, विक्रमाने अमुक केले होते, तुझ्या हातून तसे झाले असेल तर वर बस. भोज निरुत्तर होतो. तो दुसरा दिवस पाहून पुन्हा येतो, तर दुसरी पुतळी तेच विचारते, मग तिसरी, मग चौथी. शृंगारप्रकाश आणि समरांगणसूत्रधार ज्याच्या नावावर आहेत असा धारेचा महाराजा बत्तीस वेळा पाऊल उचलतो आणि बत्तीस वेळा ते मागे घेतो. ज्या शेतकऱ्याने त्याच उंचवट्यावर बसून रस्त्याने जाणाऱ्यांना हाका मारल्या होत्या, त्याला मात्र एकाही पुतळीने अडवले नव्हते.